मोठी डिस्क

६ जून

चि. बापूस,

अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाही म्हणून कासावीस होऊ नकोस. मी धडधाकट आहे आणि संतापलेली आहे. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

मागच्या खेपेला दुपारी मी जरा आडवी झाले, तेवढ्यात तू टीव्हीखालच्या रेकॉर्डरचं झाकण उघडलंस. विचारलं तर म्हणालास, धूळ झाडतोय. धूळ कसली? आतली हार्ड डिस्क काढून मोठी घातलीस! कॅमेऱ्यांचं चित्रण आठवड्यात आपोआप पुसलं जायचं, म्हणून मी हॉलमधला कॅमेरा खपवून घेतला होता. आता म्हणे महिनोन् महिने साठतं, तेही आवाजासकट.

हे मला कसं कळलं ते ऐक. वरच्या मजल्यावरची शिवणकामवाली मावशी आपल्या हॉलमध्ये बसून लेकीबद्दल माझ्यापाशी रडली. ते तू तिकडे बसून ऐकलंस. सूनबाईला ऐकवलंस. तिने आपल्या बहिणीला सांगितलं, आणि त्या बाईने माप देता देता मावशीलाच विचारलं, की लेक घर सोडून आली म्हणे? मावशी तशीच खाली आली. दारात उभी राहून मला म्हणाली, की तुझ्याशिवाय मी हे कुणापाशी बोलले नव्हते. सूनबाईला खोदून विचारलं तेव्हा तुझी डिस्क बाहेर आली. तेव्हापासून मावशी आलेली नाही. जिन्यात भेटली तर कठड्याकडे बघत जाते.

अरे, मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढली. लोकांची भांडणं, सोयरिकी, मरणं माझ्या कानावरून गेली. त्यातला एक शब्द तुझ्या बाबांनासुद्धा सांगितला नाही. आणि माझ्याच घरात माझ्याच पोराने कान लावून बसावं?

रेकॉर्डरची वायर उपटली आहे. लोभ शिल्लक आहे, पण तो आज मागू नकोस.

तुझी आई


११ जून

ती. आईस,

साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधी काय झालं ते तूही ऐक. ऑफिसात मोबाईलवर बघतो तर कॅमेऱ्यांचे चारही चौकोन काळे. तू फोन घेत नाहीस. शेजारच्या काकांना दार वाजवायला लावलं, तर तू त्यांना म्हणालीस की मुलाला सांगा, आई जिवंत आहे. काका हसत होते. मी तोवर ऑफिसचा जिना उतरलो होतो.

तू न्हाणीघरात पडलीस तेव्हा दार मी उघडलं होतं. तू गार फरशीवर होतीस आणि मला ओळखत नव्हतीस. डॉक्टरांनी विचारलं, झोक कधीपासून जातो? तू म्हणालीस, कधीच नाही. मी रेकॉर्डरवर मागचं चित्रण बघायला गेलो, तर आठवड्याच्या आधीचं सगळं पुसलेलं. म्हणून मोठी डिस्क घातली. तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का? मोठ्या डिस्कवर मला दिसलं, की तू तीनदा टेबल धरून उभी राहिलीस आणि तिन्ही वेळा फोनवर मला ठणठणीत असल्याचं सांगितलंस. खोटं तूही बोललीस, आई.

मावशीच्या बाबतीत माझं चुकलं. ते मी बायकोला सांगायला नको होतं. पण तेवढ्यासाठी मला चोर ठरवू नकोस. कृपा करून वायर जोड. राग ठेव, पण प्लगसुद्धा लावून ठेव.

तुझा बापू


१६ जून

चि. बापूस,

आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं आहे. टेबल धरलं होतं. यापुढे झोक गेला की मीच फोन करीन, आणि डॉक्टरांकडे तू म्हणशील त्या दिवशी येईन. हे झालं माझ्याकडचं.

आता तुझ्याकडचं. मावशीच्या बाबतीत 'माझं चुकलं' असं दोन शब्दांत आटपतोस? ती बाई पस्तिशीत एकटी पडली तेव्हापासून कुणापुढे रडली नाही. रडली ती एकदाच, आणि तू ते साठवून ठेवलंस.

मी झाकण उघडलं. स्क्रू सोडवता येतात मला. तुझी जुनी डिस्क कपाटात सापडली, ती दोन्ही केबल लावून परत बसवली. यंत्राने विचारलं, सगळं पुसून टाकू का? खुशाल पूस म्हटलं. बाहेरच्या दाराचा आणि बोळातला कॅमेरा चालू आहे, आवाज बंद करून. बाकीचे दोन उतरवले. मोठी डिस्क बत्त्याने ठेचली. फार बरं वाटलं. तिची किंमत मला कळवू नकोस.

मावशीची माफी तू स्वतः येऊन मागायचीस. मी सोबत येणार नाही, रदबदली करणार नाही.

माया आटलेली नाही, एवढंच आज लिहिते.

आई


२५ जून

ती. आईस,

सा. न. वि. वि.

शनिवारी वरून खाली आलो तेव्हा तू काही विचारलं नाहीस, आणि मला सांगवेना. मावशीच्या गळ्यात मापाची टेप होती. तिने मला आत घेतलं नाही. मी सगळं बोललो. तिने एवढंच विचारलं, की तू ते किती वेळा पाहिलंस? मला एकदाच म्हणता आलं असतं. मी म्हणालो, दोनदा. दुसऱ्यांदा बायकोला दाखवायला. ती म्हणाली, लहानपणी तुझ्या शाळेच्या चड्ड्या मी शिवल्या. मग दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

घरी येऊन बायकोशी कडाक्याचं भांडलो. ती म्हणाली, ऐकवलंस कशाला? तिचंही बरोबर होतं. तुझ्यावरही राग आहे, एकट्याला वर पाठवल्याचा. स्वतःवर आहे तो सगळ्यात जास्त.

तुझा लोभ आहे म्हणतेस, त्याच्यावर तग धरून आहे.

बापू


९ जुलै

चि. बापूस,

आशीर्वाद.

परवा झोक गेला तेव्हा फोन केला होता, म्हणजे शब्द पाळते आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली.

काल मावशी आली. आपण होऊन आली, मी बोलावलं नव्हतं. दोऱ्यांच्या भावाबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. लेकीचं नाव तिने काढलं नाही, मीही विचारलं नाही. कॅमेऱ्याची भोकं मी लिंपून घेतली आहेत, पण रंग जुळला नाही. बोलता बोलता ती मध्येच थांबायची आणि त्या डागाकडे बघायची. मग मी खुर्ची उचलून डागाच्या खाली ठेवली आणि तिथे बसले, म्हणजे तिकडे बघताना निदान मी तरी दिसेन. ती बराच वेळ बसली. तरी बोलली हळूच.

तू ये. आता एवढ्यात वर जाऊ नकोस. ती हाक मारील तेव्हा जा. मारणार नाही, असंही होईल.

तुझ्यावर माया करणारी, अजून पुरती न निवळलेली,
आई