खाणीच्या तोंडाशी अक्षत

चांदा,
२८ मार्च १९५५

चि. गुणवंतास,
इंदुताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र येत नाही, म्हणजे तू खुशाल आहेस असं धरून चालते. शाळामास्तर झाल्यापासून साऱ्या गावाचं शुद्धलेखन तपासायला तुला वेळ आहे, बहिणीला चार ओळी लिहायला नाही.

बातमी चांगली आहे. आपली कमळा चामोर्शीच्या घरी ठरली. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी इथे दारात लग्न. मुलगा फार शांत आहे, कारण घरातलं सगळं बोलणं त्याची आई अन्नपूर्णाबाई एकट्याच उरकतात. पाहण्याच्या दिवशी त्यांनी तुझ्यामाझ्या आईचं रुपयाएवढं कुंकू आणि हातभर बांगड्या पाहिल्या आणि विचारलं, की मुलीचे आजोबा दिसले नाहीत. मी खरं तेच सांगितलं, की ते खाणीत आहेत. त्यावर बाई विचारतात, पाळी कधी सुटते?

मग सांगावंच लागलं, की बाबा खाणीत गेले तेव्हा मी परकरात होते, तू पाळण्यात होतास, आणि ती खाण ढासळून बंद पडली त्याला तीस वर्षं झाली. तेव्हापासून बाईंनी एकच धरलं आहे. हळदीचा पहिला हात आजीचा असतो, आणि नवरा मातीखाली असलेल्या बाईच्या हातची हळद त्यांच्या सुनेला नको. आईनं कपाळ पुसून बाजूला बसावं, नाहीतर त्या दुसरी सोयरीक पाहतील. गुणवंता, कमळाला मुलगा मनापासून आवडला आहे. पोरगी धड जेवत नाही.

तूच आईला समजाव. दर अक्षय तृतीयेला जी साऱ्या पितरांच्या घागरी भरते आणि बाबांची तेवढी भरत नाही, तिच्यापुढे माझं काही चालत नाही. तुझंही चालणार नाही, पण निदान बोलणी तू खाशील.

लोभ आहे म्हणतोस, तर तो कधी टपालानेही पाठवावा.
तुझी,
इंदुताई


कोसमघाट,
४ एप्रिल १९५५

ती. स्व. इंदुताईस,
गुणवंताचा सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे आईला समजावलं. ती अंगणात मोहफुलं वाळवत होती. मी वर्गात करतो तशी प्रस्तावना केली, तर तिनं हातातलं सूप माझ्याकडे फेकलं. नेम अजून चांगला आहे, काळजी नसावी.

तिचं म्हणणं असं. खाण ढासळली तेव्हा साहेबानं मेलेली सारी माणसं काढून इंजिनघरापुढे ओळीनं ठेवली. तिनं एकेकाचं तोंड पाहिलं, त्यात आपला माणूस नव्हता. मग तो मेला हे कोण सांगून राह्यलं? ज्यानं डोळ्यानं पाह्यलं त्यानं सांगावं, मी आत्ता पुसून टाकीन. मी म्हटलं, आई, तीस वर्षं झाली. तर म्हणाली, मले मोजता येते.

मी सूप उचलून परत दिलं, ताई. लहानपणापासून पोरं मला विचारायची, तुझा बाप जिता आहे का मेला, आणि मी घरी येऊन हाच प्रश्न विचारायचो, तेव्हाही ती असंच सूप फेकायची.

मग तिनं स्वतःच तोड काढली. लग्नाची पहिली अक्षत घरातल्या वडीलधाऱ्याला जाते, आणि आपल्या घरचा वडीलधारा डोंगरावरच्या खाणीत आहे. तेव्हा अक्षत घेऊन ती स्वतः जाणार. नातीचं बोलावणं पोचल्यावर तो आला तर आला, नाई आला तर मी समजीन, असं म्हणते. अन्नपूर्णाबाईंना साक्षीला बोलावलं आहे. मलाही यायचं आहे, पाण्याचं गाडगं उचलायला. माझं पोट तू पाहिलंच आहेस, तेव्हा एका चढणीत दोन गाडगी वर न्यायची आहेत.

लोभ आहे तेवढा ठेवावा. उतरून आलो तर जास्तीचा मागीन.
तुझा,
गुणवंत


चांदा,
८ एप्रिल १९५५

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अन्नपूर्णाबाई तयार आहेत. कपाळ पुसलेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं म्हणतात. हौस पहा! सोमवारच्या मोटारीनं येतील. त्यांना वांगं चालत नाही, मिरची चालत नाही, पंगतीत दुसरं कुणी बोललेलं चालत नाही. एवढं सांभाळ आणि माझ्या लेकीचं लग्न शाबूत खाली आण.

तुझ्यावर भरवसा ठेवायची वेळ आली आहे. लोभ असू दे, देवाचाही.
इंदुताई


कोसमघाट,
१२ एप्रिल १९५५

ती. स्व. इंदुताईस,
सा. न. वि. वि.

जिवंत आहे. मांड्या नाहीत, बाकी सगळा आहे. बाबा ती चढण रोज चढून कामावर जायचे, यावर माझा आता विश्वास बसत नाही. मी पोरांना चढ आणि उतार शिकवतो. यापुढे उतार तेवढा शिकवीन.

आई सर्वांत पुढे, पदरात अक्षत बांधून. प्रत्येक वळणावर दगडावर बसून सुपारी कातरत आमची वाट पाहायची. मागे अन्नपूर्णाबाई, नव्या चपला आणि छत्री घेऊन, आपल्या माहेरच्या वाटा किती सपाट आहेत ते सांगत. अर्ध्यावर चपलेचा अंगठा तुटला. तेवढ्यात मोहाखाली पाला वाजला. मी म्हणालो, अस्वल असेल, फुलं खायला येतात. ताई, बाई अनवाणी माझ्या पुढे गेल्या, आईच्याही पुढे गेल्या. ती गावातल्या पोचूची गाय होती, पण ते मी वर पोचेपर्यंत सांगितलं नाही.

वर काही उरलं नाही. धुराड्यावर पिंपळ, साहेबाच्या बंगल्याच्या चार भिंती, न्हाणीघरात रानडुकरांची लोळण. जाताना साहेबानं इंजिन नेलं, रूळ नेले, दारं-खिडक्यासुद्धा काढून नेल्या. आत राहिलेला माणूस तेवढा न्यायचा राहिला. खाणीचं तोंड अर्धं बुजलं आहे, पण उन्हाळ्यातही आतून गार वारा येतो.

आईनं तोंडाशी अक्षत ठेवली आणि बाबांना झापायला सुरुवात केली. नातीचं लग्न आहे, चांद्याला, इंदूच्या दारी. आंघोळ करून यायचं, तसंच काळं पंगतीत बसायचं नाई. मी हसलो आणि मग मला हसवेना. बाबांशी कुणी असं बोललेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मग ती अन्नपूर्णाबाईंकडे वळली. म्हणाली, मी आत्ता पुसतो, पण तो मेला असं माझ्या तोंडून निघत नाई. तुमाले माहीत असन तर तुमी सांगा. इथी उभ्या राहा अन् आत आवाज द्या, का लटारू मेला. मंग मी पुसतो.

बाई तरातरा पुढे गेल्या. तोंड उघडलं. आतला वारा चेहऱ्यावर आला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. ताई, साऱ्या चामोर्शीत त्या बाईला गप्प झालेलं कुणी पाहिलं नसेल. बऱ्याच वेळानं त्यांनी डोक्यावरून पदर ओढून घेतला, वडील माणसापुढे घेतात तसा, आणि व्याह्याला बोलवावं तसं हळूच म्हणाल्या, इवाईबुवा, लग्नाले या.

हळदीचा पहिला हात आईचाच, एवढं मोटारीत चढताना सांगून गेल्या. मी त्यांची तुटकी चप्पल शिवून देतो म्हटलं, तर माझ्यावर खेकसल्या. म्हणजे प्रकृती ठीक आहे.

लोभ करावा, आणि लग्नात मला खुर्ची द्यावी. जमिनीवर बसता येणार नाही.
तुझा,
गुणवंत


चांदा,
२७ एप्रिल १९५५

चि. गुणवंतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परीक्षेच्या नावाखाली तू रात्रीच्याच गाडीनं पळालास, भांडी घासायच्या आत. तुझा स्वभाव जाणून आहे. पण पुढचं तुला पाहायला मिळालं नाही.

आईनं दाराजवळ बाबांसाठी पाट मांडला होता, तो तू पाहिलास. पानात सगळं वाढलं होतं, बुंदी जास्तीची. जागा कमी पडली तरी तिथे कुणाला बसू दिलं नाही. अन्नपूर्णाबाईंनीच दोघांना हाकललं. शेवटची पंगत उठेपर्यंत आई पदरानं माशा वारत बसली होती.

सकाळी अक्षय तृतीया. वऱ्हाड निघायच्या गडबडीत ती परसातून आली ती नवी घागर भरून. कपाळ पुसलेलं होतं. हातात एकही बांगडी नव्हती. पितरांच्या घागरींच्या ओळीत तिनं ती ठेवली आणि सारखी केली. गुणवंता, जे व्हावं म्हणून मीच तुला पत्र लिहिलं होतं, ते मला पाहवेना.

अन्नपूर्णाबाई आपला करंडा घेऊन धावत आल्या. आईला कुंकू लावायला लागल्या, रडत म्हणत होत्या की मी बोलली ते खोटं, कोनी म्हटलं होतं तुमाले पुसायले. आईनं त्यांचा हात धरला आणि सांगितलं, की कोनी म्हटलं नाई. मी डोळ्यानं पाह्यलं. त्याचं पान तसंच होतं.

लोभ होता तेवढाच ठेव. आज जास्तीचा मागायला शब्द नाहीत.
तुझी,
इंदुताई