आई आजारी असल्याचं कारण

आई, काल मी भर कोर्टात तुला आजारी पाडलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरीही.

अंधेरीतला माझा गाळा तू पाहिला नाहीस. तिथे प्रिंटर दुरुस्त करता करता मी एक रोलर बनवला, दमट हवेत चिकटलेले कागद एकेक सुटे करून ओढणारा. पेटंटसाठी अर्ज केला. तपासणाऱ्या साहेबांनी सगळे दावे फेटाळले, यात नवीन काही नाही म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली. फाइल कपाटावर फेकली आणि रुसून बसले, लहानपणी ताट सरकवून बसायचे तशी. राग उतरला तोवर अपिलाची मुदत टळली होती. आता कोर्टाने अपीलच घेतलं नाही तर रोलर बनवायला कुणीही मोकळा, माझी सगळी मेहनत पाण्यात. वकीलबाईंनी विचारलं, "उशिराचं कारण काय लिहू?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आई आजारी होती." त्यांना काय माहीत! त्यांनी लिहिलं, मी खाली सही ठोकली.

घाटकोपरचं आपलं स्वयंपाकघर तेव्हाच आठवायला हवं होतं. गणिताचा पेपर चुकवायला मी पोट धरून लोळतेय. तू शाळेतली बाई, असल्या पोटदुख्या रोज बघणारी. सगळ्यांच्या ताटात तळलेले बांगडे, माझ्यापुढे नुसती पेज. मी रडायला लागले तेव्हा म्हणालीस, "आजारपणाचं सोंग आणू नये गं. खरं येतं तेव्हा कळतं." तुझं खरं आलं तेव्हा तू कितीतरी दिवस कुणाला सांगितलंच नाहीस. शेवटी तर ती पेजही घशाखाली उतरेना. आणि तेच आजारपण मी माझ्या रुसव्यावर पांघरूण म्हणून घातलं. लाज वाटते गं, मान वर होत नाही.

काल न्यायाधीशांनी कागद चाळले, उशीर माफ केला. मी हुश्श करणार तोच त्यांनी मराठीतच विचारलं, "आई आता कशा आहेत?" खरं सांगायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "बरी आहे. थोडी थोडी पेज घेते." ते म्हणाले, "छान, काळजी घ्या त्यांची."

वकीलबाईंना खरं सांगायला हवं. अपील गेलं तर गेलं, असं आत्ता म्हणतेय, उद्या सकाळी धीर होईल का माहीत नाही. हे पत्र तर कुठे टाकणार? पण रागावू नकोस, तुला एक सांगते. पेज घेते म्हणताना मला क्षणभर फार बरं वाटलं. घरी येताना वाण्याकडून उकडे तांदूळ घेतले. आमच्याकडे आता पेज कुणीच खात नाही.