ज्याचं गाऱ्हाणं, त्याचंच ‘व्हय’

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की शाळेपुढे तुम्ही लावलेला जांभूळसुद्धा रस्ता रुंद करताना गेला. मी अजून आहे. मला न्यायचं कोणाच्या ध्यानातच राहिलेलं दिसत नाही. हे मी बोलते आहे आणि माझी नात लिहिते आहे, कारण अक्षरांशी माझी ओळख झाली नाही ती नाहीच. तुम्ही मला पाटी दिली होती. शाळा झाडून झाली, पाणी भरून झालं की रोज एक अक्षर काढ म्हणाला होतात. ती मी खाराच्या आंब्यांच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. अजून तिथेच आहे. या घरातल्या कुणाच्याही डोक्यापेक्षा तिचाच उपयोग जास्त झाला. असं काही मी बोलले की ही पोरगी पूर्वी खिदळायची. आज मान वर न करता लिहून मोकळी झाली.

तुम्हाला तो पावाचा उंडा आठवतो का हो? भाषेचं भांडण पेटलं होतं तेव्हाची गोष्ट. गोवा राज्य व्हायचं होतं आणि आपल्या पेडण्यात भिंतीच्या भिंती रंगल्या होत्या. मोठ्यांनी भिंतीवर लिहिलेलं मुलांनी पाटीवर उतरवलं. शाळेत सगळे मराठीवाले, एका मुलाचा बाप तेवढा कोकणीच्या सभेला जाऊन आलेला. तसं पाहिलं तर सगळ्यांच्या घरचं बोलणं एकच, शिव्या तर अगदीच सारख्या. पण त्या पोराशेजारी कोणी बसेना, कोणी त्याला खेळात घेईना. आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत वर्गातल्या दांडग्याने त्याच्या हातातला पाव हिसकावून विहिरीत टाकला. मी कळशी सोडायला जाते तर उंडा पाण्यावर फुगून तरंगतोय. मी त्या दांडग्याला कान धरून तुमच्यापुढे आणला, वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही माझ्यावरच डोळे वटारलेत. “कान सोड गो त्याचो. कानाक काय खबर, झगडो कसलो तो!”

मग तुम्ही दोघांना वर्गापुढे उभं केलंत. देवळात गावकार नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो आणि सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, तसंच गाऱ्हाणं घालायला सांगितलंत, पण उलटं. ज्याने दुखावलं त्याने दुखावलेल्याचं दुःख देवाला सांगायचं. दांडगा आधी हसला, मग अडखळला. “बा देवा म्हाराजा, मी ह्याचो उंडो बांयत टाकलंय. ह्याका भूक लागली.” तुम्ही म्हणालात, पुढे? “ह्याका... ह्याका वाटता, आपल्या बापाशीन चोरी केल्यासारखे सगळे तोंड फिरवतत.” पोरं ‘व्हय म्हाराजा’ ओरडायला तोंड उघडतात तर तुम्ही हात वर केलात. व्हय म्हणायचं ते ज्याला लागलं त्यानेच. त्याला वाटलं, माझं दुःख याने बरोबर सांगितलं, तर. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. शाळा सुटायची घंटा झाली, तुम्ही कोणाला उठू दिलं नाहीत. मी व्हरांड्यात केरसुणी धरून उभी. आणि त्या पोराने व्हय म्हटलं ते इतकं हळू, की मला वाटलं माझंच मन बोललं. दुसऱ्या दिवशी दोघे एकाच उंड्याचे दोन तुकडे करून खात बसलेले. मला वाटलं, झालं, जगातलं भांडण मिटवायची रीत सापडली. तेव्हा मी तरुण होते, काहीही वाटायचं.

आता या पोरीचं सांगते. माझा मुलगा तुयेच्या कारखान्यात लागला, तिथेच कामाला आलेल्या बेळगावकडच्या मुलीशी त्याने लग्न केलं. सून गुणाची आहे, फक्त मिरची घालताना हात थांबत नाही. नातीच्या बोलण्यात आईचं वळण उतरलं, “हाय की”, “येतो की”. तेवढंच शाळेत पुरलं. आई घाटावरची, म्हणून घांटी म्हणतात तिला. डबा उघडला की मुली नाक धरतात. शाळेने काही केलं नाही असं नाही हो. भिंतीवर चित्रं लावली, तक्रारीची पेटी ठेवली, पणजीहून एक बाई येऊन तासभर गोड बोलून गेली. मुलींना एकमेकींचे हात हातात द्यायला लावले, फोटो काढला. फोटोत ही सोडून सगळ्या हसताहेत.

तेव्हा मला तुमची आठवण झाली. मी काठी टेकत शाळेत गेले आणि तुमची रीत सांगितली. तिथले सर भले, त्यांना फार आवडली. पण बाई, व्हय कोणी म्हणायचं ते सांगायचं माझ्याकडून राहिलं. मला नारळ आठवला, म्हाराजा आठवला, उलटं गाऱ्हाणं आठवलं; तुमचा वर गेलेला हात नाही आठवला. त्यांनी सगळी शाळा मैदानात बसवली, माइक लावला. चिडवणाऱ्या मुलीने नाटकातल्यासारखं झकास गाऱ्हाणं घातलं आणि सगळी शाळा गरजली, “व्हय म्हाराजा!” हिला कोणी विचारलंच नाही. आता ही रस्त्याने चालली की मागून हाक येते, “घांटी गे, व्हय म्हाराजा!” तुमचं औषध मीच त्यांच्या हातात दगड करून दिलं. गणपतीच्या चवथीनंतर ही शाळेत गेलेली नाही.

ती चिडवणारी कोण, माहीत आहे? ज्याचा उंडा विहिरीत गेला, त्याची मुलगी. मी त्याच्या घरी गेले. खुर्ची दिली, चहा दिला, मला अजून मावशीच म्हणतो. “पोरां ती, मावशे. आमी काय कमी झगडलंव?” मी म्हटलं, बाबा, तुझा उंडा आठव. तर तो विचारतो, “कसलो उंडो?” खोटं बोलत नव्हता हो. खरंच विसरलाय. मी चहा तसाच ठेवून आले. वाटेत एकच विचार, की ज्याला लागलं होतं त्यालाच आठवत नाही, तर तुम्ही त्या दिवशी घंटेनंतर पोरांना बसवून ठेवलंत ते कशासाठी?

येत्या सोमवारी सून तिला माहेरी नेऊन ठेवणार आहे. “आई, मी घेऊन जातो तिला गावाकडं. तिथं कोण हसणार नाही की.” तिथे हिला गोव्याची म्हणतील, हिच्या बोलण्यातलं आमचं वळण शोधून काढतील. पोरं सगळीकडे हुशार असतात. पण तिला थांबवू कशाच्या जोरावर?

आत्ता, पत्राच्या या जागेवर, मी हिला लिहायचं थांबवलं आणि बरणीपुढे उभी राहून गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाक घांटी म्हटलां, हिच्या आवशीच्या बोलण्याक हसले. हिका वाटता, आपलो असो खंयच गाव नाय. आणि हिच्या म्हाताऱ्या आजयेन हिचां दुख माइकार चढवलां.” मग मी थांबले. तिकडे डाळ उतू गेली, मी हलले नाही. तिने पेन उचललं. मग म्हणाली, “आजी, हे पण लिहू की?”

लिही, म्हटलं.

व्हय म्हणाली नाही. म्हणेल असं आता वाटतही नाही.

हा कागद मी पाटीखाली ठेवणार आहे, पाटी हल्ली बरणीवर नीट बसत नाही. तुमच्यापर्यंत तो जाणार नाही हे सुरुवातीपासून ठाऊक होतं, बाई. खरं सांगते, तुमचं नुसतं निमित्त. सोमवारपर्यंत हिला माझ्या शेजारी बसवून ठेवायला दुसरं काही सुचलं नाही.