नाना गेल्यानंतरच्या एक्केचाळीस दुरुस्त्या

जळगाव, २८ मार्च २०२६

ती. झुंबरआईंना ज्योतीचा नमस्कार.

(मायना लिहायला वीस मिनिटं लागली. घटस्फोट झालेल्या सुनेने सासूला काय लिहावं, हे कोर्टाच्या अकरा पानी आदेशात कुठेही नाही. नुसतं 'आई' म्हणायचा हक्क बहुधा गेला. 'बाई' लिहिलं असतं तर तुम्ही पत्र चुलीत घातलं असतं. म्हणून मधलं काढलं.)

आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. ११ सप्टेंबरला नाना वारले.
२. २९ सप्टेंबरला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, नानांनी माझ्या हिशेबातला दुधाचा आकडा दुरुस्त केला.
३. त्यांचा आकडा बरोबर होता.
४. तेव्हापासून आजपर्यंत अशा एक्केचाळीस दुरुस्त्या झाल्या आहेत.
५. त्यामुळे माझ्या गृहकर्जात एक लाख बारा हजार रुपये जास्तीचे भरले गेले. माझी तक्रार नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल खरंच चोळता, की बाटली नुसती उशाशी ठेवता? मी बरी आहे. वजन ५२.४ किलो, माझ्याच काट्यावर, म्हणजे खरं. हे पत्र तुम्हाला शेजारच्या सुनंदाबाई वाचून दाखवत असतील तर त्यांनाही नमस्कार, आणि विनंती की 'ता. क.' आला की थांबावं. त्यापुढे फक्त मोबाईलच्या बॅटरीबद्दल तांत्रिक माहिती आहे.

आता सविस्तर. लग्नानंतर भूषणने आणि मी मिळून जळगावचा फ्लॅट कर्जावर घेतला तेव्हा नाना एसटीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले होते आणि त्यांचा हात मोकळा राहत नव्हता. मी इंटरनेटवर 'घराची वही' उघडली, म्हणजे जळगावात मी आकडा लिहिला की धुळ्यात तो नानांच्या मोबाईलवर दिसायचा, आणि त्यांनी खोडला की मला. सासरा-सुनेतला तो मला घरातला सगळ्यात सुखाचा संवाद वाटायचा. (बाकीचे संवाद तुम्ही ऐकलेलेच आहेत, काही तुम्ही स्वतः केलेत.) नाना समोर असले की एकच शब्द बोलायचे, 'होईल'. पाण्याची मोटर जळली, होईल. भूषणचं दुकान बसलं, होईल. मी वेगळी होते आहे असं सांगायला गेले तेव्हाही त्यांनी खिडकीकडे तोंड करून 'होईल' म्हटलं, आणि काय होईल ते मी विचारलं नाही. आदेश आला त्या संध्याकाळी मी वहीतून भूषणचं नाव काढलं. नानांचं काढायला विसरले, असं मी सगळ्यांना सांगते.

तेव्हापासून मी स्वतंत्र आहे, म्हणजे पगार नाही. सराफांचे, जिनिंग कारखान्यांचे, केळीवाल्यांचे वजनकाटे दुरुस्त करते. कापसाच्या चार महिन्यांत जेवायला वेळ नसतो आणि पुढचे आठ महिने जेवणाचा विचार करायला भरपूर वेळ असतो. बँकेला मात्र दर पाच तारखेला ११,३४० रुपये लागतात. बँकेला हंगाम कळत नाही. पहिल्या वर्षी मी दोन हप्ते चुकवले. ते वहीत लाल रंगात आहेत, नानांनी पाहिले होते.

सप्टेंबरच्या त्या दुपारी मी सराफाचा एक काटा उघडून बसले होते. ऑक्टोबर हीटची सुरुवात, गल्लीत कुत्रंही नाही. (भर दुपारी पिंपळाखालून जाऊ नये असं तुम्ही म्हणायचात. आमच्या कॉलनीत पिंपळ नाही, ट्रान्सफॉर्मर आहे.) शेजारी वही उघडी होती. तिच्यात एक हिरवी चौकट आली आणि तिच्या कोपऱ्यात नाव आलं: रुपचंद नाना. चौकट खाली उतरू लागली. एक घर, मग थांबा, मग दोन घरं. नाना जिना उतरायचे तसं. 'बाहेरचं खाणं' या ओळीवर ती बराच वेळ उभी राहिली. मी पंखा बंद केला. का, ते सांगता येणार नाही. मग ती दुधावर गेली, ७८० चे ७२८ झाले, आणि चौकट नाहीशी झाली. महिन्यात दोन दिवस दूधवाला आला नव्हता. हे मी विसरले होते.

रिकाम्या काट्यावर वजन दिसलं तर आमच्या कामात एक क्रम असतो. आधी वारा बघायचा, मग तापमान, मग मुंग्या. भूत ही चौथी शक्यता. मी तोच क्रम पाळला. पासवर्ड कोणी चोरला का? तर वहीत चोरण्यासारखं काही नाही, नुसतं देणं आहे. भूषण? त्याला मोबाईल येतो, पण बेरीज येत नाही. नानांचा मोबाईल तुमच्याकडे असतो आणि तुम्ही त्यावर भजनं ऐकता, हे मला माहीत आहे. पण तुम्हाला अक्षर येत नाही, पेन्शनलाही अंगठा लावता, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. ती शक्यता खोडली. उरली चौथी.

चौथ्या शक्यतेबरोबर मी पाच महिने राहिले. सवय होते. दुपारी दोनला मी केस विंचरून बसू लागले. (नाना वडीलधारे होते.) चौकटीला माझं सगळं कळायचं. नवी चप्पल घेतली तर ती त्या ओळीवर येऊन नुसती उभी राहायची, खोडायची नाही. मी स्वतःच चप्पल परत करून यायचे. ऑक्टोबरात तिने माझं 'एप्रिल ते मार्च' खोडलं आणि लिहिलं, 'आखाजी ते आखाजी', म्हणजे शेतावरच्यासारखं अक्षय्य तृतीयेपासूनचं वर्ष. खाली एक ओळ: तू आता स्वतःची सालदार. मला राग आला. अभियांत्रिकीची पदवी असलेल्या बाईला शेतावरच्या वर्षाच्या गड्याची उपमा! मग मांडणी पाहिली. सालदाराला धान्य आधी मोजून मिळतं आणि काम वर्षभर चालतं. तसे कापसाच्या चार महिन्यांत दर महिन्याला तीन हप्ते, एक चालू, दोन पुढच्या आठ महिन्यांचे, बाजूला काढलेले. उरेल ते कर्जाच्या मुद्दलात. मी चार वेळा तपासलं. चूक नव्हती. त्यानंतर एकही ओळ लाल झाली नाही.

तेव्हा नाना जिथे असतील तिथे त्यांना माझे आभार पोचवा, आणि काही शांत वगैरे करायचं भटजी सुचवत असतील तर कृपया कर्ज फिटेपर्यंत करू नका. ४ लाख ८६ हजार राहिले आहेत.

आपली (हा शब्द सवयीने लिहिला, राहू देते),
ज्योती

ता. क. १ : सुनंदाबाई, थांबा.

ता. क. २ : आई, २ मार्चला मी धुळ्याच्या जिनिंगच्या कामाला आले आणि तुमच्याकडे चहाला थांबले, तो योगायोग नव्हता. तुम्ही आत शेवभाजी ढवळत होतात. मी बाहेर ओट्यावर बसून मोबाईलवरच्या वहीत लिहिलं, 'मेथी एक जुडी, ६० रुपये'. आतली पळी थांबली. चौतीस सेकंद. हिरवी चौकट आली, एक घर, थांबा, दोन घरं, आणि साठाचे वीस झाले. पळी पुन्हा सुरू. निघताना तुम्ही पिशवीत मेथी टाकलीत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, 'लई जा. वीसनी शे.' वीसची, साठची नाही.

ता. क. ३ : त्याच दिवशी कपाटावर नानांच्या डोळ्यांचा कागद दिसला. साखरेने त्यांची वाचण्यापुरती नजर २०२१ लाच गेली होती. म्हणजे त्याआधीचं काय ते त्यांचं, नंतरचं सगळं तुमचं. 'त्या घरात मला फक्त नाना समजून घेत' असं मी चारचौघांत बोलले आहे. मागे घेते.

ता. क. ४ : आता काम. आदेशाप्रमाणे ३० एप्रिलपर्यंत कर्ज माझ्या एकटीच्या नावावर झालं नाही तर फ्लॅट विकून निम्मे निम्मे करायचे आहेत. बँक म्हणते, बाई स्वतंत्र धंद्यातली, जामीनदार आणा. माझ्या वडिलांची सही भूषणच्या दुकानाच्या कर्जाखाली अडकली आहे, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला नानांची पेन्शन आहे. जामिनाला या बँकेला अंगठा चालत नाही, सही लागते. चुलीपुढे तुम्ही मला एकदा सांगितलं होतंत, 'सही उनी का जामीनकी उनीच.' सही आली की जामीनकी आलीच, हे तेव्हा मला अडाणीपण वाटलं होतं. तुम्ही चाळीस वर्षं दीर, पुतणे आणि स्वतःच्या मुलापासून ज्या अंगठ्याने वाचलात, तोच मी सोडायला सांगते आहे, हे मला कळतं. धोका लिहून देते: मी हप्ता चुकवला तर तो तुमच्याकडून घेतील. त्यासाठी सहा हप्ते, ६८,०४० रुपये, तुमच्या नावे वेगळे ठेवले आहेत. सही केलीत तर भूषणला आणि गल्लीला कळेल की तुम्हाला अक्षर येतं, आणि पुढच्या महिन्यात दारात जामीन मागणाऱ्यांची रांग लागेल. त्याला माझ्याकडे उपाय नाही. नाही म्हणालात तरी वहीतलं तुमचं नाव मी काढणार नाही.

ता. क. ५ : मोबाईलच्या बॅटरीबद्दल. ती फुगली होती म्हणून मी २ मार्चलाच नानांचा मोबाईल जळगावला आणला, बॅटरी काढली, आणि चार दिवस तो माझ्या खणात बॅटरीविना पडून होता. ते खातं दुसऱ्या कुठल्याही मोबाईलवर उघडलेलं नाही. मी दोनदा पाहिलं. ४ मार्चला, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, 'कर्ज फिटण्याची तारीख' या घरात, जिथे मी कधीच काही लिहिलं नाही, एक शब्द आला. 'होईल.'

एक्केचाळीसपैकी चाळीस तुमच्या आहेत. वारा नव्हता. तापमान बघितलं. मुंग्याही नाहीत.

हा शब्द तुम्ही कसातरी लिहिला असेल तर तसं कळवा. नसेल लिहिला तर तसं कळवा. मी तो खोडणार नाही. दोन्ही प्रश्नांचं उत्तर, सहीचं आणि शब्दाचं, १५ एप्रिलपर्यंत, पोस्टकार्डावर, तुमच्या हाताने लिहून पाठवा.