रंग ओला आहे तोवर

बाबा,

१. रविवारी मी नाशिकच्या संग्रहालयात नेहमीप्रमाणे प्रेक्षकांची रेखाटनं करत होते.
२. तुम्ही एका लहान मुलीसोबत आलात.
३. माझ्या वहीत डोकावून ती म्हणाली, "बाबांचं पोट काढायचं राहिलं!" तुम्ही हसलात. "ओवी, ताईला काम करू दे."
४. अकरा वर्षांनंतर तुम्ही मला ओळखलं नाही.

मी प्रेक्षक पाठमोरेच रंगवते. रविवारच्या त्या भेटीवरून केलेल्या या तैलचित्रात मात्र तुमचा चेहरा आहे, आणि ओवीने तुमचं बोट धरलं आहे. चित्र पुढच्या आठवड्यात प्रदर्शनात लागेल. आई येणार आहे. तिला ओवीबद्दल माहीत नाही.

रंग शुक्रवारपर्यंत ओला राहील. तोवर चेहरा सुरीने खरवडता येतो. तुमचा पत्ता फक्त आईकडे आहे. मागितला तर कारण सांगावं लागेल.

चेहरा ठेवू की खरवडू, ते गुरुवारपर्यंत कळवा.

केतकी