सोमवारी तू ड्युटीवर पाहिजेस

प्रिय दीपमाला,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं. सध्या तू मला काही प्रिय नाहीस. फोन केला असता, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात असतो आणि मी बोलायला लागले की तो शेजारी येऊन बसतो. तिसरीपर्यंतची शाळा माझी, तेवढ्यात बसेल तसं लिहिते. अक्षराला हसू नकोस, आधी स्वतःचं बघ.

तू आप्पाराव मुकादमाची माफी मागितलीस, हे मला पिठाच्या गिरणीत कळलं. बायका सांगत होत्या आणि मी दळण तिथंच टाकून घरी आले. त्याच्या ऊसतोडीच्या टोळीतली बाई तुझ्याकडे आली, अंगावरून जातंय, गर्भाची पिशवी काढायची म्हणाली. तू तिला सांगितलंस की एवढ्यासाठी पिशवी काढत नसतात, आधी तपासून घे, गोळ्या घे. बरोबर सांगितलंस. मग आप्पाराव चपला घालून वॉर्डात घुसला, "नर्सबाई, तुमी सुया टोचा, सल्ले देऊ नका" म्हणाला, आणि तुमच्या मोठ्या डॉक्टरनं भांडण नको म्हणून तुला हात जोडायला लावले. तू जोडलेस. ती बाई दुसरीकडं गेली आणि पिशवी काढून आली. आता तू म्हणे राजीनामा देऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात चाललीस. जा की. तिथं एसी असेल, ओरडायला मुकादम नसेल, आणि तू असलीस काय, नसलीस काय, कुणाला कळणारही नाही.

तुझे आईबाप कोयता घेऊन कारखान्याला गेले की तू माझ्यापाशी राहायचीस. एकदा शेळीचा पाय मोडला तर माझ्या नव्या लुगड्याचा काठ फाडून बांधलास. मी तुला बडवलं, तरी शेळीला मिठी मारून बसलीस, पट्टी सोडू दिली नाहीस. नर्सिंगला होतीस तेव्हा मला खिळा लागला, धनुर्वाताची सुई तूच टोचलीस. सुई धरून मागं सरत होतीस, मीच म्हटलं, टोच गं, मी काही मरत नाही. लंगडी शेळी सोडली नाहीस आणि दवाखाना सोडतेस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझा बाप शाळेतसुद्धा जात नव्हता, तेव्हा माझी पिशवी काढली. पाळी आली की उसाच्या फडात बसायचं कुठं, धुवायचं कुठं? बाई पालात पडून राहिली की मुकादम नवरा-बायको दोघांचाही खाडा धरून पैसे कापायचा. डॉक्टर म्हणाला, ठेवली तर कॅन्सर होईल. तुझा आजा म्हणाला, काढ. टेबलावर पडले होते, एक नर्स हाताला सुई लावत होती. मी तिला विचारलं, बाई, न्हाई काढली तर चालत न्हाई का? तिनं माझ्याकडं बघितलं. तिला ठाऊक होतं, तोंडावर दिसत होतं. मग ट्रे उचलून निघून गेली. तिशी गाठायच्या आत मी म्हातारी झाले. अंगातून वाफा निघायच्या, मोळी डोक्यावर घेतली की कमरेतून कळ यायची. गाव म्हणतं बायनाबाईची जीभ लई तिखट. कंबर मोडलेली असताना गोड कसं बोलतात, मला ठाऊक नाही. डॉक्टरचा राग आला, नवऱ्याचा आला, तो राग गेलाही. त्या नर्सचा अजून जात नाही.

हे आज कशापायी लिहिते, तर तुझ्या वहिनीपायी. दसरा झाला की विलास धनश्रीला घेऊन आप्पारावच्याच टोळीत निघणार. तिच्याही अंगावरून जातंय. दोन लेकरं झाली, आता पिशवी कशाला, निघायच्या आधी काढून टाकू, असं तुझ्या भावानं आणि मुकादमानं ठरवलंय. इथं आता पिशवी काढायला सरकारी परवानगीचा कागद विचारतात, म्हणून जिल्ह्याबाहेर नेणार. मी आडवी आले, तर विलास हसला. म्हणाला, "आजी, तुझी काढलीच हाय की. काय झालं तुला? ठणठणीत हाईस." माझंच उदाहरण मला देतो मेला. एवढी वर्षं दात आवळून उभी राहिले, ते त्या पोरीच्या पोटावर आलं. माझं बोलणं घरात म्हातारीची कटकट. पण धनश्री चुलीपुढं हळूच म्हणाली, "दीपाताईंनी सांगितलं तर मी न्हाई जानार." तुझं नाव घेतलं तिनं, माझं नाही. सोमवारी माझ्या डोळ्यांचं निमित्त करून तिला तुझ्याकडं आणते. तू ड्युटीवर पाहिजेस. तिला नीट तपासून घे आणि काय ते तिच्या तोंडावर सांग. आप्पाराव आला तर दारात मी बसलेली आहे, त्याचं मी बघते. मंगळवारी खुशाल पुण्याला जा, एसटीत मी बसवून देते. सोमवारी मात्र ट्रे उचलून जाऊ नकोस.

तुझीच, राग अजून उतरला नाही ती,
आजी