ग्लेनिसची सीट

रविवार, २ जून २०१९. लीक.

उद्या सकाळी सहाला निघतोय. इथून, मध्य इंग्लंडातून, थेट स्कॉटलंडच्या वरच्या टोकाला, उलापूलला. ग्लेनिसला, माझ्या बायकोला, आणायचं आहे. फेब्रुवारीत ती थोडी विश्रांती घ्यायला म्हणून पॉलीनकडे, तिच्या बहिणीकडे गेली. आता जून लागला. विश्रांती झाली असणार.

गाडी पूर्ण झाली. अकरा वर्षं लागली. ग्लेनिस म्हणायची, एवढ्या वेळात लोकांची पोरं शाळेतून बाहेर पडतात. पण पोरांना वायरिंग नसतं.

१९६२ सालचं मॉडेल, हिरवा रंग, दोन सीटा. बॉडी फायबरची आहे आणि इंजिन भंगारातल्या एका फॅमिली गाडीचं आहे, पण हे कोणी विचारलं तरच सांगायचं. जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक हिला 'नक्कल' म्हणतात. मी 'पुनर्निर्मिती' म्हणतो.

संध्याकाळी कीथ मेलर डोकावला. हाही क्लबातलाच; त्याची गाडी सोळा वर्षं चालू आहे, म्हणजे बांधणं चालू आहे. म्हणाला, आधी गावातल्या गावात एक चक्कर मार की. मी म्हणालो, चक्कर मारायला बांधली नाही. रस्त्यात बंद पडली तर मदतीला येणाऱ्या ब्रेकडाउनवाल्यांचं सभासदत्व आहे का, त्याने विचारलं. आहे म्हटलं, पंचवीस वर्षं आहे, कार्ड खिशात आहे. मग तो बराच वेळ बाजूच्या सीटकडे बघत राहिला. तिथे जादा अल्टरनेटर, पाण्याचा पंप, होजपाइप, ओढायचा दोर, ऑइलचे डबे आणि हत्यारांची पेटी असं सगळं बेल्ट लावून नीट बसवलंय. कीथ म्हणाला, अरे रसेल, ग्लेनिस बसणार कुठे? मी म्हणालो, तिथे पोचेपर्यंत हे सगळं वापरून संपेल. तो म्हणाला, मला तीच भीती वाटतेय.

ग्लेनिसला कळवलेलं नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

सोमवार, ३ जून.

पावणेबाराला निघालो. बॅटरी उतरली होती. शेजाऱ्यांनी धक्का दिला. गाडी चालू झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या जरा जास्तच वाटल्या.

मोटरवे घ्यायचा नाही असं ठरवलंय. असली गाडी मोटरवेसाठी नसते. शिवाय साठच्या वर गेलं की बॉनेट उघडतं.

मॅकल्सफील्डपासून पाऊस. गाडीचा कापडी टप अजून व्हायचा आहे. ग्लेनिसचा पिवळा रेनकोट घातलाय, बागकामाचा. तो ती घरीच ठेवून गेली होती. कायमचं जायचं असतं तर रेनकोट नेला असता. हे मी कीथला आधीच समजावलं होतं.

मुक्काम प्रेस्टनच्या अलीकडे. उद्या वेळ भरून काढायचा.

मंगळवार, ४ जून.

वेळ भरून निघाला नाही. होजपाइप फुटला. जादा होता, तो बसवला. म्हणजे नियोजन बरोबर आहे.

रस्त्याकडेच्या चहाच्या गाडीवरची बाई म्हणाली, काय राजा, खरी आहे का रे ही? मी तिला पुनर्निर्मिती म्हणजे काय ते सांगितलं. सांगून होईपर्यंत चहा गार झाला. ती म्हणाली, म्हणजे नाही.

दुपारी समोरून अस्सल गाडी आली, हेच मॉडेल, हाच रंग. अशा गाड्यांचे मालक रस्त्यात भेटले की हात वर करतात, तशी रीतच आहे. म्हाताऱ्याने लांबून हात वर केला. मीही केला. जवळ आल्यावर त्याने तोच हात कानामागे नेला आणि खाजवायला लागला.

कान खाजत असेल.

बुधवार, ५ जून. शॅप.

चढावर इंजिन तापलं. कसंबसं खाण्यापिण्याच्या थांब्यावर आणून उभं केलं. पाण्याचा पंप जादा आहे, पण तो बसवायला जो पाना लागतो तो घरी राहिला. ब्रेकडाउनवाल्यांना फोन लावला. पोरीने कार्डाचा नंबर घेतला आणि विचारलं, मिसेस क्लाउज गाडीसोबत आहेत ना?

इथे एक तपशील लिहून ठेवतो. सभासदत्व माणसाचं असतं, गाडीचं नाही. ते ग्लेनिसच्या नावावर आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मीच तसं केलं. कामावर ती गाडीने जायची, आणि मला गाड्या दुरुस्त करता येतात. मी कशाला सभासद होऊ?

मी म्हणालो, हो, सोबत आहे.

मेकॅनिक लगेच आला. चांगला माणूस. बाई कुठे आहेत म्हणाला, त्यांची सही लागेल. मी म्हणालो, टॉयलेटला गेलीये. तो थांबला. आम्ही चहा घेतला. हवेबद्दल बोललो. मग तो म्हणाला, येतील ना? मी म्हणालो, तिला वेळ लागतो. त्याने केक मागवला, अर्धा मला दिला. मग हळूच म्हणाला, साहेब, आत कोणाला तरी बघायला पाठवू का? बरं वाटत नसेल त्यांना. मी नको म्हणालो. त्याने सीटवरच्या सामानाकडे बघितलं, माझ्या अंगातल्या बायकी रेनकोटाकडे बघितलं, आणि पंप बसवून दिला. जाताना म्हणाला, पुढच्या वेळी बाईंना घेऊनच निघा.

तिला घ्यायलाच तर चाललोय.

गुरुवार, ६ जून. मॉफॅट.

कपडे वाळवले. पॉलीनकडे सहज फोन केला, कुठून करतोय ते सांगितलं नाही. पॉलीन म्हणाली, ती पोहायला गेलीये. मी विचारलं, कुठे? म्हणाली, समुद्रात, दुसरं काय आहे इथे?

ग्लेनिसला पोहता येत नाही. पॉलीनचं हल्ली वय झालंय.

शनिवार, ८ जून. गार्व्ह.

काल दिवसभर एकदाही बंद पडली नाही. इन्व्हरनेस ओलांडून थांबलो, दाढीचं सामान वर काढून ठेवलं. आज दहाच्या आत दारात उभा राहून हॉर्न वाजवायचा, असं ठरलं होतं.

गार्व्ह गावाच्या पुढे खाली काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि रस्त्यावर ऑइलच ऑइल. यावर जादा काही नाही. जादा इंजिनच लागेल.

फोन केला. वेगळी पोरगी. तिच्यासमोर नोंद होती. म्हणाली, मागच्या वेळी सभासद टॉयलेटमध्ये होत्या असं लिहिलंय. आता बाहेर आल्यात का?

सभासद गाडीसोबत नसेल तर ट्रक मिळणार नाही, म्हणाली. नियम आहे.

मग ग्लेनिसला फोन केला. धक्का थोडा वेगळ्या प्रकारे बसला. कुठे आहेस ते तिने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, तिथेच थांब. मी तसाही कुठे जाणार होतो?

पॉलीनची गाडी घेऊन आली. केस आखूड कापलेत, ओले होते. गाडी पूर्ण झालेली तिने पहिल्यांदाच पाहिली. एक फेरी मारली. म्हणाली, रंग छान दिलायस. मग बाजूच्या सीटपाशी थांबली. या सीटचं लाल कव्हर तिनेच शिवलंय, तिसऱ्या वर्षी, घरच्या मशीनवर. सामानाखालून त्याची फक्त कड दिसत होती. मी म्हणालो, काढतो सगळं, दोन मिनिटं दे. म्हणाली, राहू दे.

ट्रकवाला फर्गस नावाचा पोरगेला माणूस. काय मालक, खरी आहे का, म्हणाला. मी बोलणार तेवढ्यात ग्लेनिस म्हणाली, नाही.

फर्गसने सांगितलं, गाडी लीकला न्यायची तर सभासदालाही ट्रकमधून लीकपर्यंत यावं लागेल, नाहीतर गाडी इथेच गवतात सोडून जातो. ग्लेनिस आभाळाकडे बघत राहिली. मग बहिणीला फोन केला, तुझी गाडी इथे आहे, येऊन घेऊन जा, मी सोमवारी परत येते.

कुठला सोमवार ते बोलली नाही.

रविवार, ९ जून. लीक.

ग्लेनिस माझ्यासोबत घरी आली. ठरलं होतं तसंच झालं. फक्त गाडीतून नाही, ट्रकमधून.

ती मध्ये बसली, मी खिडकीशी. कार्लाइलला ट्रक बदलला, ड्रायव्हर बदलला. दोघांशीही ती खूप बोलली. इंजिनाच्या आवाजात सगळं ऐकू आलं नाही. उलापूलच्या बोटीच्या तिकीट खिडकीवर तिला नोकरी लागलीये. सकाळी चारपाच बायका मिळून समुद्रात उतरतात. पाणी इतकं थंड असतं की आधी काहीच जाणवत नाही, म्हणाली, हात आपले आहेत हेसुद्धा नाही. फर्गसने विचारलं, मग कशाला जाता हो मावशी? ती म्हणाली, कारण नंतर जाणवायला लागतं.

मी आरशात बघत होतो. मागे गाडी व्यवस्थित बांधलेली होती. सीटवरचं सामान जराही हललं नाही.

मॉफॅट गेलं. शॅपच्या थांब्यावर ती टॉयलेटला गेली आणि लगेच परत आली. तिला काही वेळ लागत नाही.

आज सकाळी तिने अंडी केली. नीट जेवतोस ना, विचारलं. मी पुढचा आराखडा सांगितला: टप शिवून घ्यायचा, दुसरं इंजिन शोधायचं, सप्टेंबरात पुन्हा निघायचं, या वेळी दोघांनी. ती म्हणाली, रसेल, ती सीट शिवली तेव्हा मला वाटलं होतं, येत्या उन्हाळ्यात जाऊ. मी म्हणालो, त्या उन्हाळ्यात गिअरबॉक्स आला नव्हता. म्हणाली, हो, आठवतंय मला.

ती लहान खोलीत झोपते आहे. प्रवासाने दमली असेल.

सोमवार, १० जून.

सकाळच्या बसने स्टोकला गेली, तिथून ट्रेन. खुंटीवरचा रेनकोट नेला. तिकडे पाऊस फार असतो, बरोबरच आहे. शिलाई मशीन न्यायला पॉलीन नंतर गाडी घेऊन येईल म्हणाली.

कीथने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, गार्व्हपासून लीकपर्यंत संपूर्ण प्रवास तिने माझ्यासोबत केला. तो म्हणाला, चल, बिअर पाजतो.

शुक्रवार, २१ जून.

पोस्टाने नवीन कार्ड आलं. ग्लेनिसने तिकडून बदलून घेतलंय. सभासद: आर. क्लाउज. दुसरं नाव नाही.

गॅरेजमध्ये जाऊन बाजूच्या सीटवरचं सामान काढून फळीवर ठेवलं. कव्हरवर ऑइलचा एक गोल डाग पडलाय. बाकी शिवण कुठेही उसवलेली नाही.

मग गाडीत बसून फोन केला, नवीन कार्ड चालतं का ते बघायला. पोरीने विचारलं, सभासद गाडीसोबत आहेत का? मी म्हणालो, आहे.

तिने विचारलं, काय बिघडलंय?

काही नाही, म्हणालो.